रंगाचा रिकामा डबा

दुपारी लेक अर्पिता झोपली की मला पंख्याचाही आवाज नको वाटतो. आज वही घेऊन बसले आणि ओसरीत डब्याची कडी वाजली. सासूबाईंनी रंगाचा रिकामा डबा दाराच्या डाव्या बाजूचा उचलून उजव्या बाजूला ठेवला होता. डाव्या बाजूला चपला आड येतात, येणाऱ्याला तो दिसत नाही.

रंग मीच निवडला. न्यूट्रल ग्रे. मोबाईलवर इतका गार दिसला की पेडगावच्या उन्हावर हाच इलाज, असं मी नवऱ्याला सांगितलं. शिवाय लेकराच्या हातांचे डाग उठून दिसत नाहीत. सिद्धोधन म्हणाले, "तुला पटलं ना, बास." रंगारी पप्पूने मात्र दोनदा विचारलं, "वैनी, बाहेरूनबी हाच?" मी हो म्हणाले. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, कुणीच विचारलं नाही.

पप्पूने पुट्टी भरली, घासली, रंगाचे दोन हात मारले. वाळल्यावर घर अकरा वर्षं दिसत होतं तसंच दिसायला लागलं. नुसतं प्लास्टर केलेलं.

त्यातली बरीच वर्षं मी या घरात यायच्या आधीची. आत्या दिवाळीनंतर ऊसतोडीला जायच्या, आणि परत आल्यावर आधी भिंतीवर नख ओढून बघायच्या, वाळू पडते का. गावात भिंतीला रंग नाही म्हणजे माणसं अजून फडावर जातात, असंच धरतात. कोयता सुटून चार वर्षं झाली होती. आता रंग द्यायचा, आणि टोळीतल्या जुन्या बायांना पौर्णिमेच्या खिरीला बोलवायचं, एवढंच आत्यांच्या मनात होतं. बोलावणं गेलंही होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेजारच्या छबूबाई आत्यांकडे आल्या.

"चांगुणा, बाया उद्या यायल्यात. रंग कवा द्यायचा?"

"दिलाय."

"कुठं?"

आत्यांनी भिंत दाखवली. छबूबाई जवळ गेल्या. "हे पलस्तर हाय."

"रंग हाय. सुनंनं निवडलाय."

"मला वाटलं, परत कोयता घेतला का काय."

आत्या आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. "वाच."

छबूबाईंना वाचता येत नाही. आत्यांनाही नाही. दोघींनी डब्यावरचं चित्र बघितलं. चित्रातली भिंत पिवळी होती.

छबूबाई गेल्यावर मी म्हणाले, "आत्या, समोरची भिंत तरी निळी करून घेऊ. पप्पू सकाळी येईल."

"राहू दे. लय गार हाय डोळ्याला," भिंतीकडे न बघता त्या म्हणाल्या.

पौर्णिमेला आठ बाया आल्या. जयभीम झाला. प्रत्येकीने भिंत बघितली, मग दाराशी ठेवलेला डबा बघितला, आणि कुणी काही विचारलं नाही. खीर खाताना एक म्हणाली, "डबा चांगला हाय गं. पीठ ठिवायला होईल."

"न्हाई द्यायचा," आत्या म्हणाल्या.

त्याला आता महिना झाला. मघाच्या आवाजाने अर्पिता उठली, डोळे चोळत दारात जाऊन उभी राहिली. आत्या पदराने डबा पुसत होत्या. मग ती माझ्या मांडीवर येऊन बसली.

"मम्मी, आजी रोज डबाच पुसती. भिंत का न्हाई पुसत?"