झऱ्याच्या घरावरचा घुमट

मित्रांनो, मी एक जुना घुमट आहे. उमरग्याच्या पुढं एका खेड्यात कोमट पाण्याचा झरा होता. निजामाच्या अमलात शंकरप्पा नावाच्या व्यापाऱ्यानं त्या झऱ्यावर घर बांधलं. सांधे धरलेली माणसं तिथं येत, कुंडात बसत आणि मग काठावरच्या दगडी ओट्यावर पाठ टेकून पडत. त्या ओट्याच्या बरोबर वर मी.

घर पाहायला हवं होतं तुम्ही. सागवानी खांबांना खाली कमळं, वर केळफुलं. कमानींत लाल, हिरव्या, निळ्या काचा. पण सगळ्यात जास्त मेहनत माझ्यावर झाली. लाडलेसाब नावाच्या कारागिरानं गूळ घालून मळलेला चुना माझ्या आतल्या अंगाला लिंपला आणि ओला असतानाच त्यातून डाळिंबाचं उठावाचं झाड काढलं. फांद्यांवर पोपट बसवले. मधूनच तो परांचीवरून खाली उतरे, ओट्यावर उताणा पडून वर बघे आणि पुन्हा चढून एखादी फांदी खरवडून टाकी.

शंकरप्पा कंटाळून म्हणाले, "चांगलं दिसतंय की, उस्ताद. आता काय राहिलं?"

"मालक, तुम्ही उभं राहून बघताय. हे पडलेल्या माणसासाठी हाय."

शंकरप्पांनी स्वतः ओट्यावर पडून पाहिलं, आणि खरंच तसं झालं. दारातून पाहणाऱ्याला मी ढेकळांनी भरलेला वाटे. ओट्यावर पडलेल्याला मात्र पूर्ण झाड दिसे. सकाळी काचांतून ऊन कुंडावर पडलं, की पाण्याचा उजेड थरथरत वर येई, फांद्या हलत आणि पोपट पंख उघडत. कण्हणारी माणसं कण्हायची विसरत. मलाही माणसाचं तोंड तेव्हाच दिसे. उभ्या माणसांचे मी नुसते रुमाल आणि पदर पाहिले आहेत.

पुढं शंकरप्पा गेले. त्यांचा मुलगा गुरुलिंग पहिलवान गडी. त्याला कधी ओट्यावर पडायची वेळच आली नाही. एकोणीसशे त्रेचाळीसच्या सुमारास त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यानं सगळं घर पांढरं करायला सांगितलं. चुना देणारा लिंबाजी परांचीवर चढला. माझ्या पूर्वेच्या कडेला त्याचा कुंचला फिरला आणि एक पोपट अर्धा बुडाला. मला ओरडता येत नव्हतं.

खाली ओट्यावर वाशीकडची धुरपदाबाई पडली होती. कंबर धरल्यामुळं तिला बैलगाडीतून आणलेलं. ती दारातल्या गुरुलिंगला म्हणाली, "अप्पा, थांबवा त्याला. झाड चाललं."

"कसलं झाड, मावशी? सगळी ढेकळं हायत. पाव्हणे हसतील."

"तुम्ही कधी हितं आडवं झालाव का?"

"मला काय धाड भरलीय आडवं व्हायला?"

"म्हणूनच दिसंना तुमास्नी. मला जरा सरकवा अन् पडा."

लिंबाजी वरून हसला. "पडा अप्पा, धोतर वाळंल नंतर."

गुरुलिंगनं दोघा गड्यांकडून तिला उचलून बाजूच्या बाजेवर ठेवलं, रुमाल सोडला आणि ओल्या ओट्यावर पाठ टेकली. लहानपणापासून मी त्याला ओळखत होतो, पण त्याचं तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अगदी शंकरप्पांसारखं होतं. ऊन पाण्यावर आलं. तो बोटानं एकेक पोपट मोजू लागला.

मग म्हणाला, "लिंबाजी, बादली घेऊन खाली ये." आणि थोड्या वेळानं, "आमच्या वडलांनी हे मला कधी सांगितलं न्हाय."

"सांगून कुठं दिसतं?" धुरपदाबाई म्हणाली.

लग्नात पाव्हण्यांना एकेक करून ओट्यावर निजवलं गुरुलिंगनं. नवरदेवाच्या आजोबांना तर उठवेना.

मित्रांनो, आता झरा आटला आहे. काचा फुटल्या आहेत. कडेचा तो पोपट अजून अर्धा चुन्यात आहे. लोक येतात, दारात उभं राहून मान वर करतात आणि "इथं काही नाही" म्हणून निघून जातात. तुम्ही याल तेव्हा भिंतींवर नावं कोरू नका. ओट्यावरची धूळ झाडा आणि पाठ टेकून पडा. पाणी नसलं तरी झाड दिसेल. आणि कितीतरी वर्षांनी मलाही कुणाचं तरी तोंड दिसेल.