अडतीस सह्या

फोन आला तेव्हा नबीलाल मक्केला उमऱ्यासाठी निघालेल्या एका कुटुंबाचे पासपोर्ट तपासत होता. सोलापूरच्या भवानी पेठेतलं त्याचं विमान तिकिटांचं दुकान बरं चालायचं. आखातातल्या एका शहरात जिल्ह्यातली बरीच पोरं कामाला होती आणि तिथं जाणाऱ्या एकुलत्या एका कंपनीची तिकिटं या गावात फक्त त्याच्याकडे मिळायची. फोन त्याच शहरातून होता. नबीलालचा भाचा शाकीर तिथं ज्याच्या खोलीवर राहायचा, त्या मुबीनचा.

“मामू, शाकीर गेला,” मुबीन म्हणाला. “गोदामात माल लावताना वरून पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.”

नबीलालनं पासपोर्ट गिऱ्हाइकाच्या हातात दिले, शटर ओढलं आणि मोटारसायकल काढून थेट मंगळवेढं गाठलं.

शाकीरची आई सरदारबी त्याची थोरली बहीण. ती दारात ज्वारी पाखडत बसली होती. त्यानं सांगितलं, तशी सून मेहनाज उंबऱ्यातच कोसळली. सरदारबी मात्र रडली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, “कवा आणतोस त्याला?”

“आपा, कागदपत्रं हायत...”

“ती तुला जमत्यात. सगळ्या गावाची पोरं तूच नेतोस-आणतोस की. माझं बी आण. बापाशेजारी जागा हाय त्याची.”

कागदपत्रं चार दिवसांत झाली. मुबीन आणि त्याच्या सोबत्यांनी तिथल्या पोलिसांपासून वकिलातीपर्यंत सगळीकडे खेटे घातले. नबीलालला वाटलं, अवघड तेवढं सरलं. मग त्यानं विमान कंपनीच्या मुंबई कचेरीत फोन लावला. तिथला साहेब त्याला नावानं ओळखत होता.

“नबीलालभाई, एका विमानात एकच शवपेटी घेतो आम्ही. तुमचा नंबर सहावा आहे.”

आठवड्याला चारच विमानं. त्यातच एक विमान बिघडलं आणि चाराची दोन झाली. ईद तोंडावर, माणसांनाच जागा मिळेना, तिथं पेटीला कोण विचारतो. आखातातल्याच शेजारच्या देशांतून मुंबईला रोज ढिगानं विमानं येत होती, पण त्यांना त्या शहरात उतरायची मुभा नव्हती. दोन सरकारांमधल्या हवाई करारात त्या मार्गावर दोन्हीकडून एकेकच कंपनी नेमलेली. आपल्याकडच्या कंपनीनं दोन वर्षांपूर्वी गाशा गुंडाळला होता. उरली तिकडची एकटी. शेजारच्या देशातून पेटी आणायची खटपट मुबीननं केली. तीन दिवस उंबरे झिजवले, परवानगी मिळाली नाही.

मंगळवेढ्यातल्या घरी माणसं येत होती, बसत होती, उठून जात होती. कब्रस्तानात खोदलेली कबर दोनदा पत्र्यानं झाकावी लागली. बाराव्या दिवशी नबीलाल पुन्हा गेला, तेव्हा मेहनाजनं पडद्याआडूनच विचारलं, “मामू, दुसरी विमानं का न्हाईत तितं?”

‘करार’ एवढं एका शब्दात सांगून त्याला सुटता आलं असतं. पण गेले बारा दिवस जे गिळता येत नव्हतं आणि थुंकताही येत नव्हतं, ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

“गेल्या साली येणार व्हती. दोनी सरकारं बोलत व्हती, चार-पाच कंपन्यांना परवाना द्यायचा म्हणून. आमी एजंटांनी दिल्लीला पत्र धाडलं, नको म्हणून. लई कंपन्या आल्या की पोरं मोबाईलवरच तिकिटं काढतील, आमची दुकानं बसतील, असं लिवलं. ती बोलणी पुढं गेली न्हाईत. पत्रामुळं का कशामुळं, मला ठावं न्हाय. पण माझी सही हाय त्यावर.”

सरदारबीनं त्याच्याकडे बघितलं.

“किती जणांनी केली सही?”

“अडतीस.”

“तू केली नसतीस तर सदतीस झाल्या असत्या.”

त्याला वाटलं, तिनं पदरात घेतलं. त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात ती म्हणाली, “पर बाकीच्या सदतिसांचा भाचा तितं नव्हता, नबी.”

दुपारी तिनंच कागद मागवला. तिथंच दफन करायला घरच्यांची हरकत नाही, असा. “मय्यत अशी किती दिवस थंड पेटीत ठिवायची? त्याला गार सोसत न्हवतं कदी,” एवढंच म्हणाली आणि अंगठा उठवला. मेहनाजनं खाली सही केली. अक्षर वाकडं आलं, म्हणून तिनं दुसरा कागद मागितला आणि पुन्हा नीट केली.

दफन त्यांनी मेहनाजच्या मोबाईलवर पाहिलं. मुबीननं फोन धरला होता, पण वाऱ्यानं काही ऐकू येत नव्हतं. “तोंड दाव रे,” सरदारबी म्हणत राहिली. पेटी उघडायची परवानगी नव्हती. मग चित्र अडकलं ते अडकलंच. गावातली खोदलेली कबर संध्याकाळी बुजवली.

पाच महिन्यांनी नवा करार झाला. त्या शहराला चार कंपन्यांची विमानं सुरू झाली आणि सुरुवातीला तर निम्म्या जागा मोकळ्या जाऊ लागल्या. नवरा गेल्यावर घरात राहून पाळायची चार महिने दहा दिवसांची मेहनाजची इद्दत संपली होती. नबीलाल शाकीरच्या कबरीवर जायला तिघांची तिकिटं घेऊन मंगळवेढ्याला गेला. सरदारबीनं त्यातली दोन घेतली आणि तिसरं त्याच्या हातात परत दिलं.

मुंबईच्या विमानतळावर त्यानं दोघींना आत सोडलं आणि चार दिवसांनी तो पुन्हा घ्यायला गेला. परतताना टेंभुर्णीला चहाला थांबले, तेव्हा कपाला हात न लावता सरदारबी म्हणाली, “नुसता आकडा लिवलाय दगडावर. आन् ऊन लई हाय तितं. एक झाड न्हाय.”

मेहनाजनं सासूचा निवलेला चहा परत गरम करून आणायला कप उचलला.