कळंब उजवीकडे, तेरखेडा सरळ

मित्रांनो, धाराशिव मागे टाकून तुम्ही बीडच्या दिशेने निघालात, तर वाटेत एका फाट्यावर तुमची माझी गाठ पडते. दोन महामार्ग काही अंतर एकाच डांबरावरून बरोबर येतात आणि माझ्यापाशी येऊन वेगळे होतात. एक उजवीकडे कळंबला वळतो, दुसरा सरळ तेरखेडा आणि वाशीकडे जातो. कोणता कुठे जातो, हे सांगणारी हिरवी पाटी म्हणजे मी.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा कापून त्यावर चमकणारा हिरवा कागद चिकटवला गेला आणि मग पांढरी अक्षरे लागली. ज्याने माझ्यावर बाण बसवला, त्याने तो एकदा काढून पुन्हा चिकटवला, कारण तो किंचित तिरका वाटत होता. तेव्हा मला त्या खटाटोपाचे हसू आले होते.

फाट्यावर उभी राहिले आणि काम सुरू झाले. उसाच्या ट्रॉल्या, एसटी, कर्नाटकातून आलेले ट्रक, सगळे माझ्यापाशी वेग कमी करत, मान वर करत आणि आपापल्या वाटेला लागत. कुणी थांबून आभार मानले नाहीत. पण माझ्याकडे बघितल्यावर चालकाच्या कपाळावरची आठी गेली, की मला भरून पावल्यासारखे वाटे.

माझ्या खांबाजवळ कडूबाईचा गाडा आहे. चहा आणि उकडलेल्या शेंगा. तिची लेक सृष्टी रोज सकाळी तिथूनच एसटीने तेरखेड्याला जाई. तिथे फटाक्यांच्या कामावर ती पुठ्ठ्याच्या नळ्या वळायची. गाडी दिसली की कडूबाई म्हणायची, "पोचल्यावर फोन कर गं." आणि सृष्टी म्हणायची, "रोज तेच काय सांगतीस, माय!" पण फोन मात्र ती रोज करायची.

मग एके दिवशी कुलदीप नावाचा तरुण शिडी घेऊन आला. गावातल्या पुढाऱ्याचा, आण्णासाहेबांचा वाढदिवस होता. त्यांचा हसरा फोटो असलेला मोठा फ्लेक्स त्याने माझ्या तोंडावर ताणला.

कडूबाई गाड्यावरूनच ओरडली, "आरं कुलदीप, पाटीवर नगं लावू. लोकं चुकतील की!"

"मावशी, आता पाटी कोण बघतंय? समद्यांच्या मोबाइलवर रस्ता दिसतो," तो हसत म्हणाला. "वाढदिवस झाला की काढतो."

कडूबाई गप्प बसली. वाढदिवस होऊन गेला, पण फ्लेक्स काढायला कुणी आले नाही. मला काही दिसेनासे झाले. फक्त आवाज ऐकू येत; पुढचे मी त्यावरून आणि नंतर कडूबाईच्या बोलण्यातून जाणले. गाड्या माझ्यापुढे अडखळत, कुणीतरी वैतागून बोले, कुणी कडूबाईला रस्ता विचारे. ती सांगायची. पण सायरन वाजवत जाणारी गाडी रस्ता विचारायला थांबत नाही.

दुपारची वेळ होती. धाराशिवकडून रुग्णवाहिका आली. माझ्यापुढे तिचा वेग मंदावला, ती क्षणभर रेंगाळली आणि उजवीकडे, कळंबच्या रस्त्याला वळली. कडूबाईने आपला गाडा मागे ओढला. "कुणाचं लेकरू हाय की," ती पुटपुटली. "देवा, वाचीव रे बाबा."

बऱ्याच वेळाने तोच सायरन कळंबच्या बाजूने परत आला. ब्रेक करकचून लागले.

"मावशी, तेरखेडा कुठं?" चालक ओरडला. "माज्या मोबाइलला रेंज न्हाय. लई पुढं गेलतो. तिथं स्फोट झालाय."

"सरळ जावा!" कडूबाई म्हणाली. "सरळ!"

गाडी निघून गेली आणि मगच तिच्या ध्यानात आले. तिने सृष्टीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. चहाचे पातेले उतू जाऊन स्टोव्ह विझला, तरी ती फोन कानाला लावून उभी होती.

गाड्यावर चहा पीत बसलेला कुलदीप उठला. त्याने चालकाचे सगळे बोलणे ऐकले होते. "मावशी, मागं बसा," एवढेच तो म्हणाला आणि मोटारसायकल सुरू केली.

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा पाय नसल्याचे दुःख झाले.

संध्याकाळी कुलदीप एकटाच परतला; कडूबाई दवाखान्यातच थांबली होती. गाड्यावरचा विळा घेऊन तो खांबावर चढला आणि दोऱ्या कापल्या. मला उजेड दिसला. फ्लेक्स त्याने तसाच खाली पडू दिला. तो माझ्या पायथ्याशी बसला आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही.

सृष्टी वाचली. तिचे दोन्ही हात भाजले होते. तिला धुरातून बाहेर ओढणारे ईरण्णा मात्र वाचले नाहीत. ते उमरग्याकडचे, कामावरचे सगळ्यांत जाणते माणूस. तो वेळ वाया गेला नसता तर ते वाचले असते का, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. मीही सांगू शकत नाही. पण तो वेळ माझ्यापुढे वाया गेला, एवढे मला ठाऊक आहे.

दवाखान्यातून कडूबाई परतली, तेव्हा कुलदीप तिच्यासमोर खाली मान घालून उभा राहिला. "मावशी, माझं चुकलं."

"माझी लेक जित्ती हाय रे," ती म्हणाली. "म्या बी गप बसले, तुजा हात धरला न्हाय. मला काय म्हनतोस? नीलम्माकडं जा." नीलम्मा म्हणजे ईरण्णांची बायको.

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"हाय त्याच तोंडानं. म्या येते संगं."

ती दोघे तेरखेड्याला गेली. तिथे काय झाले, ते कडूबाईने नंतर सृष्टीला सांगितले, तेव्हा मी ऐकले. कुलदीपने सगळे खरे सांगितले. नीलम्मा ओरडली नाही. तिने त्याला बसही म्हटले नाही. तिने फक्त विचारले, "तो गाडीवाला कुठला हाय?"

"कोण, अँब्युलन्सवाला?" कुलदीपने विचारले.

"त्याला वाटत असंल, माज्यामुळं माणूस गेला. त्याला झोप लागत नसंल," नीलम्मा म्हणाली. "त्याला जाऊन सांग, तुजा दोष न्हाय. कुणाचा हाय, ते बी सांग."

कुलदीपने तो चालक हुडकून काढला आणि नीलम्माचा निरोप जसाच्या तसा दिला. परत आल्यावर त्याने कडूबाईला एवढेच सांगितले, "ऐकल्यावर त्यो लई रडला, मावशी."

पुढे नीलम्मा तेरखेडा सोडून माहेरी निघाली. गाडी बदलायला ती माझ्यापाशी उतरली. सृष्टी आता आईच्या गाड्यावर बसते. तिची बोटे नीट सरळ होत नाहीत. नीलम्माने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, एकेक बोट हळूच चोळले आणि म्हणाली, "आमच्या ह्यांनी तुला बाहेर काढलं. हातानं काम करत राहा, पोरी. बसू नगं." एसटी आली. ती चढली. सृष्टी कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली.

आता फाट्यावर कुणी शिडी घेऊन आले, की कुलदीप असेल तिथून धावत येतो. लोक त्याला हसतात. तो भांडत नाही, फक्त हात जोडतो आणि शिडी लावू देत नाही.

मित्रांनो, माझा रंग आता उडू लागला आहे. एका कोपऱ्यातला कागद सुटला आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. उन्हात उभ्या राहणाऱ्याचे असेच होते. पण माझ्यावर फोटो लावू नका, जाहिराती चिकटवू नका, गंमत म्हणून दगड मारू नका. माझ्यापुढून जाणारा प्रत्येक जण हौसेने फिरायला निघालेला नसतो. कुणाला फार घाई असते आणि त्याला विचारायला वेळ नसतो. तुमच्या लाडक्या माणसाचा वाढदिवस असेल, तर त्याच्या घरी जाऊन त्याला भेटा. माझ्या अंगावर फक्त गावांची नावे राहू द्या.