मुळासकट

ताईचे गुडघे केव्हाचे बोलायला लागले होते आणि उतार अजून निम्मा बघायचा होता. दहा वाजता डोंगर फोडणारं मशीन वर येणार होतं. ते थांबवायला रानव्हायोलेटचं एक जिवंत रोप पुरे होतं. फक्त ते दुर्मिळ जातीचं हवं, साधं नको.

दोन्ही जाती दिसायला सख्ख्या बहिणी. फुलं सरली की भल्याभल्यांची फसगत होते. साधीच्या देठावरची लव खाली निजलेली, दुर्मिळीची सरळ उभी. साधी जमिनीवर फुटवे पसरून चहूकडे रुजते. दुर्मिळी आपली एका जागी बसून असते. वनस्पती-संग्रहालयात तीस वर्षं ताईनं हेच निवडलं होतं, डोळ्यांत तेल घालून.

"ताई, ही बघ!" धाकटा भाऊ ओरडला. तो रस्त्याच्या कामावर सर्वेक्षक होता. साहेबाच्या हातापाया पडून दहापर्यंतची मुदत त्यानंच आणली होती.

ताईनं भिंग लावलं. "निजलेली. साधी."

"आणि ही?"

"साधीच."

"अगं, वसंतात तूच कळवलंस ना, इथे अकरा आहेत म्हणून? मग गेली कुठे? पाय फुटले का त्यांना?"

हाच प्रश्न ताई सकाळपासून टाळत होती. वसंतात ज्या ज्या रोपाचा संशय आला, ते ते तिनं उपटून नेलं होतं. मुळांशिवाय नमुना अपुरा, हा संग्रहालयाचा दंडक. शिवाय टेबलाशी बसून निवांत तपासू, असा तिचा विचार. साधी उपटली तरी मागे राहिलेल्या फुटव्यातून पुन्हा उगवते. दुर्मिळीला तो आधार नाही. अकराही रोपं उभ्या लवेची निघाली, तेव्हा ताई पोरीसारखी नाचली होती.

"मी नेली," ती म्हणाली. "सगळी. कागदांवर चिकटवलीत."

भाऊ तिच्याजवळ येऊन बसला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "इथल्या या साध्यांतलंच एक दाखव ना. फुटवे खुडून टाक. साहेबाला काय कळतंय? तुझ्याशिवाय ओळखतं कोण?"

खरंच होतं ते. ताईनं एक रोप धरलं, फुटव्याला नख लावलं. हा उतार तिला हवा होता, जीव तुटेल इतका हवा होता. पण इथे खोटं नाव दिलं, तर त्या अकरा कागदांवर कोण विश्वास ठेवणार? आणि ती जात आता उरली होती ती तिथेच. तिनं रोप सोडलं.

भावाच्या हातातला पाहणी-अहवालाचा कागद घेऊन तिनं लिहिलं, 'आढळली नाही.'

"खाली कारणाची जागा आहे," भाऊ म्हणाला. "कोरी सोडलीस तरी चालेल, ताई. कुणी वाचत नाही."

ताईनं कागद गुडघ्यावर नीट टेकवला आणि त्या जागेत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.