हिरव्या पिना

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. मोबाईलमध्ये मावतो तो नव्हे. टीव्हीला जोडायचा, वरच्या खाचेत कॅसेट खुपसायची, तो. तुमच्या काकांसमोर माझा विषय काढू नका. त्यांचे डोळे भरून येतील आणि तुमची संध्याकाळ वाया जाईल.

कारखान्यात माझ्या खाचेत बारीक पिनांच्या दोन रांगा बसवल्या गेल्या. कॅसेटच्या पट्ट्या त्यांना नीट टेकल्या तरच मी चालतो. माझी सगळी हुशारी या टेकण्यावर आहे. बऱ्याच मोठ्या माणसांचंही तसंच असतं म्हणा.

ज्या घरात मी गेलो, तिथे एक थोरला होता आणि एक धाकटी. पडद्यावर चित्राऐवजी पट्टे आले की दोघं एका सुरात ओरडायची, "आई, फुंक!" आईच्या फुंकरीला गुण आहे, अशी घरात श्रद्धा होती. ती हात पुसत यायची, कॅसेट उपसायची, फुंकायची, परत दाबायची, आणि मी सुरू! खरं तर काढण्या-घालण्यात पिना घासल्या जायच्या, म्हणून मी चालायचो. फुंकरीतली वाफ मात्र पिनांवर बसून राहायची. पण आईला हे सांगायचं कुणी?

दुपारी मुलं शाळेत असताना आई स्वतः खेळायची. नदीतले ओंडके चुकवत बदकाला पलीकडे न्यायचा खेळ होता. तिचा अंगठा असा चालायचा की बदकालाही धाप लागावी. एकदा शाळेतून आल्या आल्या धाकटीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आई, हा तापलाय."

"ऊन लागलं असेल."

"खिडकी तर बंद आहे."

"फार अक्कल आलीये. जा, अभ्यासाला बस."

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते.

मग मुलं मोठी झाली. मला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवण्यात आलं. गुंडाळताना आई म्हणाली, "नीट राहील." टॉवेल जरासा ओला होता. जुनी वाफ, नवी ओल आणि भरपूर निवांतपणा. माझ्या पिनांवर हिरवी बुरशी धरावी तसा गंज चढला. वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही. शेजारच्या बिघडलेल्या इस्त्रीशी बोलावं, तर तिचा स्वभाव पहिल्यापासून गरम.

आणि एक दिवस आई न्हाणीघरात घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं लाकडासारखी ताठ. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "आत्ता हलवली नाहीत, तर बोटं अशीच राहतील. साधं बटणही लावता येणार नाही." दाबायला त्यांनी रबरी चेंडू दिला. आईने तो कपाटाखाली ढकलला.

"मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे चेंडूशी खेळायला?"

थोरल्याने मोबाईलवर बदकाचा खेळ आणून दिला. आईने काचेवर बोट घासून पाहिलं. "दाबल्यासारखंच वाटत नाही," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

तेव्हा धाकटीने मला माळ्यावरून उतरवलं. थोरल्याने खाचेत डोकावून नाक मुरडलं.

"अगं, हा संपला. भंगारात दे." आणि असं म्हणता म्हणता सवयीने गाल फुगवले.

"दादा, फुंकू नकोस! त्यानेच वाट लागलीये."

"मग पॉलिश पेपर आणू? दोन मिनिटांत चकाचक."

"आण. म्हणजे वरचा मुलामा जाईल आणि परत गंजेल. तू ना, फक्त विजेरी धर."

तिने माझे स्क्रू काढले. काडीला कापूस गुंडाळून, व्हिनेगरच्या थेंबात बुडवून, एकेका पिनेवरचा हिरवा थर सोडवला. मग स्पिरिटने पुसून काढलं. कॅसेटच्या पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवला. पुरतं वाळेपर्यंत कुणालाही स्विचला हात लावू दिला नाही. मला गुदगुल्या होत होत्या आणि भीतीही वाटत होती. एक पीन तुटली असती, तर मी इस्त्रीच्या पंगतीला कायमचा बसलो असतो आणि आईचा हात तसाच राहिला असता.

बटण दाबलं. पट्टे आले. थोरल्याने सुस्कारा सोडला. धाकटीने कॅसेट काढून पुन्हा सरळ बसवली. बदक आलं!

आईने माझा तारेचा, बटणांचा रिमोट हातात घेतला. बदक पहिल्याच ओंडक्याला धडकून बुडालं.

"हे बिघडलंय अजून."

आईने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"परत लाव," ती म्हणाली.

दुखत होतं तिला. बटण अर्धवटच दाबलं जायचं, ते रिमोटच्या तारेतून मला कळायचं. पण बदक बुडायचं आणि ती परत लावायला सांगायची. रोज थोडं पलीकडे. पुढे एकदा बदक काठाला लागलं, तेव्हा व्यायामाच्या बाई दारात उभ्या होत्या. आईने त्यांना हातानेच थांबायची खूण केली. बोटं पसरून.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंमध्ये फुंकू नका. त्यांना ओल्या कापडात गुंडाळू नका. आणि जपून ठेवायचं म्हणून माळ्यावर टाकू नका. अधूनमधून वापरत जा. आम्ही कामाने झिजतो हे खरं, पण नुसतं पडून राहण्याने गंजतो.

काल थोरला ऑफिसातून थेट माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "आई, आता मला दे ना, किती वेळ झाला!"

आईने पडद्यावरची नजर काढली नाही.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली.