ग्रिसेलबाईंनी हात वर केला

आमच्या घाटात समोरून गाडी आली की हात वर करायचा. रस्ता एका गाडीपुरताच, त्यामुळे एकाने कडेच्या रुंद जागेत थांबायचं, दुसऱ्याने पुढे जायचं आणि दोघांनी हात वर करायचा. न करणाऱ्याची गावात तीन-तीन आठवडे चर्चा चालते. मी युना. चाळीस वर्षं या घाटात हात वर करतेय, खांदा धरलाय माझा!

गावाच्या कॅलेंडरसाठी माझा नवरा टॉर्क्विल अकरा वर्षं फोटो देतोय आणि अकरा वर्षं तो परत येतोय. म्हणजे फोटो. नवरा जातोय कुठे! कॅलेंडर समितीच्या अध्यक्षा ग्रिसेल मॅकफेल. बाईंचा नियम असा की फोटोत माणूस नको, गाडी नको, वाळत घातलेले कपडे तर मुळीच नकोत. लॉखचं, म्हणजे आमच्या तळ्याचं, पाणी, काठावरची पांढरी जुनी घरं, चर्चचा मनोरा, वर चढत गेलेला घाट, बस्स. जणू इथे कोणी राहतच नाही. एका वर्षी टॉर्क्विलच्या फोटोत मेंढीचं ढुंगण आलं, एका वर्षी त्याचाच अंगठा. मी पोट धरून हसले होते.

या वर्षी मात्र हसू येईना. ग्लासगोच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की टॉर्क्विलचा उजवा डोळा गेलाच आहे आणि डावाही वर्षभरात विझेल. टॉर्क्विलने तीस वर्षं या रस्त्याची डागडुजी केली. एकदा पावसात डोंगर खाली आला, तेव्हा तिसऱ्या वळणावर दोन हिवाळे खपून त्याने दगडाची भिंत रचली. ती अजून तसूभर हललेली नाही. ती भिंत कॅलेंडरात यावी, एवढीच त्याची इच्छा. तोंडाने बोलायचा नाही, पण कॅमेरा दरवर्षी त्याच वळणाकडे असायचा. मला काय कळत नव्हतं?

फोटो शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचा होता. शुक्रवारी सकाळीच आम्ही घाटात. टॉर्क्विलने तिसऱ्या वळणासमोरच्या रुंद जागेत तिकाटणं मांडलं, त्यावर कॅमेरा बसवला, त्याला वायर जोडली आणि वायरीच्या टोकाचं बटण मुठीत धरून उभा राहिला. मी थर्मास घेऊन दगडावर. चिलटं तर अशी तुटून पडली की विचारू नका.

ऊन काही पडेना. आणि रस्त्यात माणूस उभा दिसला की आमच्याकडे कोणी सरळ पुढे जात नाही. पोस्टाची व्हॅन थांबली. "काय रे टॉर्क्विल, गाडी बंद पडली का?" मग मेंढ्यांचा ट्रक थांबला. "दोर देऊ का ओढायला?"

"अरे, काही झालेलं नाही! निघा माझ्या फोटोतून!" टॉर्क्विल ओरडला.

"फोटो होय! मग आधी सांगायचं की. घे, स्कोन खा." ट्रकवाल्याने पावासारखे जाडजूड दोन स्कोन दिले आणि वीस मिनिटं गप्पा मारल्या. मेला बोलका!

अडीचच्या सुमारास ढग फाटले. पाणी चमकलं, गाव उजळलं आणि ऊन सरकत सरकत वळणावर आलं. रस्ता रिकामा.

आणि वळणावरून लाल गाडी आली. खुद्द ग्रिसेलबाई! काच खाली करून त्यांनी हात वर केला. आणि आमच्या शहाण्याने? चाळीस वर्षांची सवय! त्यानेही हात वर केला, बटणासकट, मूठ आवळून. कॅमेरा खटकन वाजला. ऊन गेलं ते गेलंच.

"मी हात का वर केला गं?" तो मटकन दगडावर बसला.

"न करून कसं चालेल? अध्यक्षा आहेत त्या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फोटो दुकानात छापून घेतला. टॉर्क्विलने तो डाव्या डोळ्याला पार चिकटवून पाहिला. गाडी नेमकी भिंतीसमोर. भिंतीचा एक दगड दिसेल तर शपथ. "राहू दे, युना," एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा पाहून मला भडभडून आलं. मी फोटो हिसकावला आणि तडक चर्चच्या हॉलमध्ये गेले, तिथेच समिती फोटो घेत बसते.

ग्रिसेलबाईंनी चष्मा लावला. "यात गाडी आहे."

"आहेच. तुमचीच आहे! तुमच्या त्या डबड्यानं माझ्या नवऱ्याची भिंत झाकली. पुढच्या वर्षी त्याला फोटो काय, मीसुद्धा दिसणार नाही. घाला आता नियम चुलीत!"

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. फोटोकडे बघत राहिल्या. फोटोत त्यांच्या तोंडावर ऊन होतं, टोपी वाऱ्याने वाकडी झालेली, आणि त्या दात दिसेपर्यंत हसत होत्या. मी तरी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"मी अशी दिसते?"

"कधीमधी," मी म्हटलं. राग गेला नव्हता माझा.

"गाडी नको म्हणजे पाहुण्यांची गाडी नको," बाई घसा खाकरून म्हणाल्या आणि फोटो फायलीत ठेवला. अकरा वर्षांचा नियम एका टोपीपायी मोडला! मी घरी काही बोलले नाही. लाल गाडी छापून आली तरी त्याला काय सुख?

डिसेंबरात कॅलेंडर आलं. एव्हाना टॉर्क्विलला रंगांचे नुसते ठिपके दिसत होते. ऑक्टोबरच्या पानावर आमचा फोटो होता आणि खाली, जिथे दरवर्षी नुसतं 'घाट' छापतात, तिथे एक ओळ होती. मी मोठ्याने वाचली, "टॉर्क्विलने बांधलेली भिंत. माझ्या गाडीच्या मागे आहे. अजून पक्की आहे. - ग्रिसेल मॅकफेल."

"परत वाच."

परत वाचली. तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज चिरकला, तर म्हणतो कसा, "नीट वाच की गं!"

मी ते पान वर ठेवून कॅलेंडर खिळ्याला टांगलं. मग तो उठला, चाचपडत त्याच्यापाशी गेला आणि त्या लाल ठिपक्याकडे तोंड करून त्याने हात वर केला.

मीही केला. खांदा दुखला, पण केला.