अर्धा धवला

जयेशला साधी बादली घ्यायची असली तरी तीन दुकानं लागतात. तिन्ही दुकानांतल्या बादल्या उलट्यासुलट्या करून झाल्या की तो रिकाम्या हाताने घरी येतो आणि "अजून बघतोय" म्हणतो. घरच्यांनी त्याला बादली आणायला सांगणं केव्हाच सोडून दिलं होतं. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या, प्राप्तीच्या लग्नातल्या धवल्याचं "मी करतो काहीतरी" असं तो म्हणाला, तेव्हा प्राप्तीने कपाळाला हात लावला.

प्राप्तीला हळदीला डीजे नको होता, धवला हवा होता. लग्नाच्या एकेका विधीला बायकांनी म्हणायची ती गाणी. त्यांच्या ठाण्यातल्या बाळकुमच्या गावठाणात एके काळी भटजीच्या आधी धवला म्हणणाऱ्या बाईला, धवलारणीला बोलावणं जायचं. आणि धवलारीण तर घरातलीच होती. त्यांची आत्या, हौसाबाई. लेक आणि सून दुबईला गेल्यापासून ती भावाच्याच घरी राहायची. पण आत्याने पहिल्याच झटक्यात नकार दिला.

"अर्धा धवला बोलून पोरीला पाटावं बसवू काय? उरलेला गोदाकडं हाय. मना नाय येत तिचा."

धवला दोघींनी म्हणायचा, ही तिकडची रीत. एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं. हौसाबाई विचारायची आणि गोदा सांगायची, असं त्या दोघींचं अनेक वर्षं चाललं होतं. गोदा मूळची आंबिवलीकडची, लग्न होऊन बाळकुमात आलेली. पुढे त्या दोघींचं काहीतरी बिनसलं, गोदाच्या मुलाने आंबिवली स्टेशनजवळ घर घेतलं, आणि ती तिकडे गेली ती गेलीच. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

जयेशने डोकं चालवलं. दोघींना समोरासमोर बसवायचं कशाला? आपापल्या घरी बसून दोघींनी आपापला अर्धा लिहावा, ते जोडून एक वेबसाइट करावी, म्हणजे प्राप्तीलाही धवला मिळेल आणि पुढच्या पोरींनाही. ठाण्याच्या एका कंपनीत तो दुसऱ्यांनी केलेल्या वेबसाइटींतल्या चुका शोधायचं काम करायचा, तेव्हा हे त्याच्या हातचंच होतं. धवल्याला कुणी मालक नाही, म्हणून साधनही ओपन सोर्सच हवं, गावकीच्या विहिरीसारखं कुणीही वापरावं असं, हा त्याचा हट्ट.

आणि मग तुलना सुरू झाली. फुकट कोणतं, फोनवर नीट कोणतं चालतं, मराठी अक्षरं कोणतं मोडत नाही. बायकोच्या माहेरी जेवायला बसल्यावरही हा माणूस मेव्हण्याला समजावत होता की साधी, तयार पानं लावून ठेवली की मागे बिघडायला काही उरतच नाही. प्राप्ती म्हणाली, "दादा, माझ्या पोराच्या बारशाला तरी ठरेल ना तुझं?"

शेवटी दोन उरली. पहिल्यात सगळे एकाच पानावर एकदम लिहितात, ज्याची ओळ त्याच्या रंगात, दुसऱ्याचं लिहिणं डोळ्यांसमोर उमटताना दिसतं. पण त्यात कुणीही कुणाचंही पुसू शकतं. दुसऱ्यात प्रत्येकाने आपला मजकूर पाठवायचा, एका जाणत्याने तो तपासून मंजूर करायचा, मग तो आपोआप साइटवर चढतो. काही हरवत नाही, काही बिघडत नाही. जयेशचा स्वभाव बघता त्याने दुसरं निवडलं यात नवल नाही. जाणती म्हणून आत्याचं नाव घातलं. वयाने मोठी, मानाची, दुसरं कोण असणार? बिचाऱ्याला वाटलं, आपण मोठं शहाणपण केलं.

गोदाची सून कल्पिता हौशी होती. तिने सासूची मनधरणी करून हळदीच्या धवल्यातला तिचा भाग फोनवर लिहून घेतला आणि पाठवला. संध्याकाळी तिचा जयेशला फोन आला.

"जयेशदादा, काय पाठवलंत तुम्ही? फोनवर आलं, तुमचा मजकूर हौसाबाई यांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे. मी आपली वाचून दाखवलं. तेव्हापासून आई भिंतीकडे तोंड करून पडल्यात. जेवल्या पण नाहीत. बोलतात, परत तिच्याच हाताखाली का?"

जयेशला काही समजेना. तो तसाच आत्याकडे गेला. ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती. त्याने सगळं सांगितलं. आत्याने लसूण खाली ठेवला.

"कल्यानला लगीन होता एक," ती म्हणाली. "हलद कशी आली, मी इचारला. आमच्यात हलद होरीनी येते, खारीच्या पान्यातून वल्हवत. गोदा बोलली, नदीच्या काठानी चालत आली. तिच्या मायेरला तसाच बोलतात. मी तिला भर मांडवात थांबवली. बोलले, असा नाय, नीट बोल. सगल्या बाया बघत होत्या. ती नीटच बोलत होती रे."

"मग तू सांगितलं नाहीस तिला?"

"कसा सांगू?" आत्या म्हणाली, आणि पुन्हा लसूण उचलला. तिचे डोळे भरून आले होते, लसणाचा त्यात काही हात नव्हता.

जयेश खरोखर ओशाळला. मांडवातला तोच अपमान त्याने आता मंजुरीच्या बटणासकट पक्का करून गोदाच्या पदरात टाकला होता. त्या रात्री त्याने एकही तुलना केली नाही. मंजुरीवालं सगळं काढून टाकलं आणि नाकारलेलं पहिलं साधन लावलं. कुणीही कुणाचं पुसू शकतं, हाच त्याचा दोष त्याने मांडला होता. पण तिथे कुणाला कुणाची परवानगी लागत नाही, ही गोष्ट त्याच्या तुलनेत कुठे बसलीच नव्हती.

कल्पिताने कशी समजूत घातली कोण जाणे, पण रविवारी दुपारी इकडे जयेश आणि आत्या, तिकडे कल्पिता आणि गोदा, असे एकाच पानावर बसले. बोलून टाइप करायचा प्रयत्न केला, तर फोनला आत्याची बोली कळेना. मग जयेशच लिहू लागला. प्राप्ती दारात उभी राहिली. आपला धवला आज ठरणार की बुडणार, हे तिला ठाऊक होतं.

आत्याने आपले प्रश्न आणि प्रत्येक उत्तरानंतरच्या आपल्या स्वागताच्या ओळी आधीच सांगून टाकल्या. मधल्या रिकाम्या जागा गोदाच्या. मग तिच्या हिरव्या रंगात एकेक अक्षर उमटायला लागलं. पाटाचं उत्तर आलं. कळशीचं आलं. आत्या प्रत्येक ओळ जयेशकडून वाचून घ्यायची आणि मान हलवायची.

मग तो प्रश्न आला. हलद कशी आली गो, हलद कशी आली?

हिरवी अक्षरं उमटली, थांबली, पुसली गेली. पुन्हा उमटली.

जयेशने हळू आवाजात वाचलं. "हलद आली गो नदीच्या काठानी, चालत आली." त्याखाली आत्याची ओळ आधीच तयार होती: होरी बांदा गो धक्क्याला, म्हणजे हळदीची होडी धक्क्याला बांधा.

गोदा वाट बघत होती, हे जयेशला न सांगता कळलं.

"पूस," आत्या म्हणाली.

"आत्ये, अगं तिची ओळ..."

"तिची नाय रे. माझी. हलद चालत आली तं होरी कशाला बांदायची? लिव. पायावं पानी घाला गो हलदीच्या, लांबून चालून आली."

जयेशने आत्याची ओळ पुसली आणि नवी लिहिली. मग फोन वाजला. कल्पिताचा नंबर. त्याने तो स्पीकरवर टाकून आत्यापुढे धरला.

कुणी हॅलो म्हटलं नाही. तिकडून एका म्हातारीने घसा साफ केला आणि थेट धवला उचलला. तिने विचारलं, हलद कशी आली गो. हौसाबाईचा प्रश्न, हौसाबाईच्याच चालीत. आणि हौसाबाईने डोळे मिटून उत्तर दिलं, नदीच्या काठाचं. मग पहिल्यापासून, पाटाचं, कळशीचं, शेवटपर्यंत. एका शब्दाला ती अडली नाही.

जयेशने विचारलं, "म्हणजे तुला अख्खा येत होता?"

"इतकी वर्सा कानाशी बोलत होती. येनार नाय तं काय?"

"मग त्या दिवशी तू येत नाही म्हणालीस?"

"एकटीनी बोलाचा नसतो," आत्या म्हणाली. दारात प्राप्ती रडत होती, आणि रडता रडताच तिने विचारलं, "आत्ये, मग हळदीला दोघी येणार ना?"

"मना काय इचारतेस? तिला इचार. फोन चालूच हाय."

प्राप्तीने विचारायच्या आधीच तिकडून गोदा बोलली. "हौसे, मी हिरवा लुगरा नेसून येतंव. तू पन हिरवाच नेस. आनि दोन पाट मांडून ठेव, येका लायनीत."